उषाताईंची साक्ष

मोहरी कापायची ती दव असेपर्यंत. ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि सगळी मेहनत मातीत सांडते. म्हणून त्या सोमवारी उषाताई उजाडताच विळा घेऊन शेतात उतरल्या. ओली ताटं मुठीत धरायची, वाकून बुडाशी विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची. धसकटं चपलेच्या झिजलेल्या तळातून टोचत होती, हातांना बारीक खाज सुटली होती, आणि बावन्न वर्षांची कंबर दर दहा मुठींनंतर कुरकुरत होती.

नवरा सूर्याजीराव दोन ओळी मागे होते. कामात ते नेहमीच दोन ओळी मागे असत. बोलण्यात मात्र कोणाला पुढे जाऊ देत नसत.

“तीन दिवस ट्रेनिंग, आणि तेसुद्धा कटाईत! सरकारात कोणी शेतीवाला आहे की नाही?”

“सुपरवायझरचा फोन होता. नाही गेली तर नोटीस देईन म्हणते.”

“कशाचं आहे?”

“घरात मार खाणाऱ्या बायकांची मदद कशी करायची, त्याचं.”

सूर्याजीराव कमरेवर हात ठेवून हसले. “ते तुला काय शिकवणार? तूच शिकवून ये त्यांना.”

यात टोमणा नव्हता. ते मनापासून बोलले होते, आणि उषाताईंनीही ते मनापासूनच घेतलं.

इंगळ्यांचा पुरा हे गाव ग्वाल्हेरपासून पंचवीस किलोमीटरवर, भितरवारच्या रस्त्याला. संस्थानच्या फौजेतल्या इंगळ्यांना कधीकाळी इथे जमीन मिळाली. पुढे फौज गेली, जमिनीच्या वाटण्या होऊन चिंध्या झाल्या, उरली ती सहा मराठी घरं आणि एकमेकांना ‘साहेब’ लावून हाक मारायची हौस. उषाताई पुऱ्याच्या आंगनवाडीत बावीस वर्षं काम करत होत्या. मुलांची वजनं, पोषाहार, लसीकरणाच्या याद्या हे सगळं होतंच. पण त्यांचं नाव झालं ते वेगळ्याच कामानं. कुठल्या घरात मारझोड झाली आणि सून तोंडाला पदर लावून बाहेर पडली, की ती आधी ताईंकडे येई. ताई तिला चहा देत, रडू देत, डोक्याला तेल घालत. मग खण, नारळ आणि तांदूळ घेऊन तिची ओटी भरत आणि स्वतः हात धरून तिला सासरच्या उंबऱ्याशी पोचवून येत. ही रीत मराठी असली तरी पुऱ्यातल्या कुशवाह आणि गुर्जरांच्या घरांनीही ती मानली होती. ताईंकडची ओटी घेतलेली बाई सरळ आपल्या घरी जाते, वाटेत दुसरीकडे वळत नाही, असं ठरूनच गेलं होतं. अशी नऊ घरं त्यांनी सांधली होती.

नववं घर त्यांच्या थोरल्या जावेचं, विजयाबाईंचं होतं. विजयाबाई विधवा, मुलगा युवराज, त्याची बायको हेमांगी. थ्रेशर होता तोही याच घरात, आणि दरसाल उषाताईंची मोहरी त्याच थ्रेशरमधून निघत असे. हेमांगी दहा दिवसांपूर्वी धारला माहेरी गेली आहे, असं विजयाबाईंनी सांगितलं होतं. उषाताईंनी जास्त विचारलं नव्हतं.

आठ वाजता त्यांनी विळा सुनेच्या, गरिमाच्या हातात दिला, पाय धुतले, आणि बस पकडली.

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या एका सभागृहात चाळीसेक बायका जमल्या होत्या. आंगनवाडीवाल्या होत्या, नर्सेस होत्या, महिला पोलीसही होत्या. शिकवायला सीमंतिनी मॅडम होत्या. पस्तिशीच्या, शहराच्या लष्कर भागातल्याच मराठी, पण बोलणं हिंदीत.

“आपके पास कोई औरत मार खाकर आए, तो आप क्या करती हैं?” त्यांनी विचारलं.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. उषाताई उभ्या राहिल्या. पदर नीट केला आणि चहापासून ओटीपर्यंत सगळं सांगितलं. नऊ घरांचा आकडाही सांगितला. टाळ्या पडल्या. मागून एक पोलीस बाई म्हणाली, “ऐसी दीदी हर गाँव में हो, तो थाने बंद हो जाएँ.”

सीमंतिनी मॅडमनी टाळी वाजवली नाही. रागावल्याही नाहीत. मराठीत म्हणाल्या, “ताई, त्या नऊ जणींपैकी कोणाला नंतर एकटीला विचारलंत, आता कसं आहे म्हणून?”

“विचारते ना. हळदीकुंकवाला येतात, हँडपंपावर भेटतात…”

“एकटीला?”

उषाताई थांबल्या. “सासू सोबत असते,” त्या म्हणाल्या.

कोणीतरी फिसकन हसलं. उषाताईंचे कान तापले. बावीस वर्षांत त्यांच्यावर कोणी हसलं नव्हतं.

जेवणानंतर नाटक करायचं होतं. शिखा नावाच्या तरुण नर्सला उषाताई व्हायचं होतं आणि उषाताईंना मार खाऊन आलेली बायको. मॅडमनी उषाताईंच्या हातात चिठ्ठी दिली. ‘उसने मेरा गला दबाया,’ एवढंच वाक्य. हे आपल्या मदतनीस बाईला सांगायचं.

शिखा मोठी हुशार. तिनं सकाळचं एक एक पाऊल लक्षात ठेवलं होतं. रिकामा कप पुढे केला, पाठीवर हात फिरवला. “अरे, रोते नहीं. मर्द है, थका-हारा आता है, गुस्सा आ जाता है.” उषाताईंनी तोंड उघडलं. “बच्चे का मुँह देखो. तुम तो समझदार हो.” पुन्हा उघडलं. “चलो, घर की बात घर में.” तो गोड आवाज दर वेळी अर्धा क्षण आधी येत होता. मग शिखानं ओंजळीत खोटे तांदूळ धरले, आणि उषाताईंचे हात आपोआप पुढे झाले. त्यांनी पदर पसरला. सभागृह हसत होतं. उषाताई पदर पसरून तशाच बसल्या होत्या, आणि चिठ्ठीतलं वाक्य घशाशी अडकून राहिलं होतं. हळूहळू हसू थांबलं.

“सांगितलंत का?” मॅडमनी विचारलं.

“राहूनच गेलं,” उषाताई म्हणाल्या. खोटं नाटक, खोटा नवरा, आणि तरी घसा खरोखर आवळल्यासारखा झाला होता. याचा त्यांना इतका धक्का बसला की पुढचा तासभर मॅडम काय बोलल्या ते त्यांनी नुसतं वहीत उतरवलं. बाईला एकटीला विचारा. मध्ये बोलू नका. ती काय ठरवते ते तिच्या घरी सांगू नका. परत पाठवायची घाई करू नका.

संध्याकाळी घरी पोचल्या तेव्हा दिवस मावळत होता आणि अंगणातल्या खाटेवर युवराज बसला होता. गरिमानं त्याला चहा दिला होता. उषाताई दिसताच तो उठला, पायाला हात लावला. बोलायला हा मुलगा पहिल्यापासून लाघवी.

“काकीसाहेब, थकून गेल्या असाल. बसा, बसा.” तो स्वतः खाली बसला. “गुरुवारी तुमचा थोडा टाईम पाहिजे होता. अकरा वाजता. ग्वाल्हेरला बायकांचं ते केंद्र आहे ना, तिथे. तुम्ही बस जे लिहिलंय तेच सांगून द्यायचं.”

“काय लिहिलंय?”

“आपला समझौतानामा. चौकीतला.”

उषाताईंना कळेना. “त्याचं आता काय? हेमांगी तर धारला आहे.”

युवराज हसला. “धारला कोण आहे तिचं? भाऊ फोन उचलत नाही. केंद्रात जाऊन बसली आहे दहा दिवसांपासून. केस टाकते म्हणे.”

उषाताई खाटेच्या कडेवर टेकल्या. आपण दिवसभर ज्या शहरात होतो, तिथेच ती होती. सूर्याजीराव गुरांना चारा टाकत होते. त्यांचेही हात थांबले.

चौकीतला तो कागद चार महिन्यांपूर्वीचा. हेमांगीच्या किंकाळ्या ऐकून शाळेच्या मास्तरांनी पोलिसांना फोन लावला होता. चौकीत सगळे उभे, हेमांगीचा डावा हात सुजलेला, आणि लिखापढी करणारा मुन्शी म्हणाला होता, दीदी, आप ही लिख दो, आपकी लिखाई साफ है. उषाताईंनीच लिहिलं होतं: हेमांगी गोवऱ्यांची टोपली घेऊन गच्चीच्या जिन्यावरून पडली, पतीविरुद्ध तिची तक्रार नाही, ती राजीखुशीनं घरी जात आहे. खाली साक्षीदार म्हणून सही, आणि सहीखाली ‘आंगनवाड़ी कार्यकर्ता’. घरी आल्यावर ओटी भरली होती.

“कागद तिथे जमा केला आहे मी,” युवराज म्हणाला. “तुम्ही एकदा समोरून हो म्हणालात, की ते लोकच तिला समजावतील, जा बाई घरी. शुक्रवारी त्यांची रिपोर्ट कोर्टात जाते. आणि थ्रेशर गुरुवारी सकाळीच तुमच्याकडे लावतो, काका. मोरारवाले मागत होते, मी मना केलं. मौसमवाले शुक्रवारी गारा सांगताहेत.”

“हां, हां, आधी आमचीच काढून टाक,” सूर्याजीराव घाईनं म्हणाले. कापलेली मोहरी शेतात उघड्यावर पडली होती.

जाताना युवराजनं पुन्हा पायाला हात लावला. “ती आली की तुम्ही मग एकदा ओटी भरून टाका. तुमचंच ऐकते ती.”

दुसऱ्या दिवशी सभागृहात हाडांच्या एक डॉक्टरबाई आल्या होत्या. पडद्यावर एक्स-रे दाखवत होत्या. नाव नाही, गाव नाही, नुसती हाडं. म्हणाल्या, “जो गिरता है, वह हथेली टेकता है. हड्डी यहाँ टूटती है, कलाई के पास.” मग त्यांनी कोपरातून हात वाकवून चेहऱ्यासमोर आडवा धरला. “और जिस पर डंडा आ रहा हो, वह ऐसे करता है. तब हड्डी बीच में टूटती है, छोटी उँगली की तरफ. औरत कहेगी, सीढ़ी से गिरी. आप हाथ देखिए.”

सगळ्यांना हात तसाच वर करायला सांगितला. चाळीस हात चेहऱ्यांसमोर उभे राहिले. उषाताईंनी आपला डावा हात वर केला आणि उजव्या हाताची बोटं त्यावर फिरवली. कोपर आणि मनगटाच्या मधोमध. करंगळीच्या बाजूला. तिथेच ते टेंगूळ होतं, गरम, जांभळं. या बोटांनी त्यावर हळद लावली होती, पट्टी बांधली होती आणि याच बोटांनी ‘जिन्यावरून पडली’ असं लिहिलं होतं. बाकीच्यांनी हात केव्हाच खाली घेतले. उषाताईंचा तसाच वर राहिला.

“दीदी, हो गया,” शिखानं तो हळूच खाली ओढला.

बसमध्ये खिडकी मिळाली. उषाताईंनी स्वतःची समजूत घातली, की आपल्याला कुठे माहीत होतं? कोणी शिकवलं होतं का? आज कळलं, आज डोळे उघडले. एवढ्यासाठीच तर ट्रेनिंग असतं. या विचारानं त्यांना बरंच हायसं वाटलं, आणि ते हायसं वाटणं शहराचा नाका ओलांडेपर्यंत टिकलं.

मग पाच वर्षांपूर्वीची नरकचतुर्दशी समोर येऊन उभी राहिली. हेमांगीच्या लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. तिला आई नव्हती, माहेर लांब, म्हणून अभ्यंगाला उषाताईंनी तिला आपल्याकडे बोलावलं. पहाटेची वेळ, न्हाणीत एकच पणती. पाठीला तेल लावताना बोटांना वळ लागले. उषाताईंनी पणती जरा जवळ ओढली. पट्ट्याचे वळ होते. एका वळाच्या टोकाला बकलाचा चौकोन उमटला होता. “काकी, हळू,” एवढंच हेमांगी म्हणाली, आणि काहीतरी बोलायचं असल्यासारखी मान वळवली. उषाताईंनी हात हलका केला. वळ चुकवून बाकीच्या पाठीला तेल लावलं, पणती होती तिथे सरकवली, आणि उटण्यात कापूर जास्त झाला का गं, असं विचारलं.

त्यानंतरही ती दोन-तीनदा आली होती. दरवेळी उषाताईच आधी बोलल्या होत्या.

शेजारच्या बाईनं विचारलं, “तबीयत ठीक है?” उषाताई हो म्हणाल्या. गाव आलं तरी त्या उतरायच्या विसरल्या. पुढच्या थांब्यावर उतरून उन्हातून दीड किलोमीटर मागे चालत आल्या. आपण किती वाईट वागलो, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं होतं, आणि त्या विचाराला कुठे ठेवावं ते कळत नव्हतं.

बुधवारी प्रमाणपत्र मिळालं. सूर्याजीरावांनी ते दोन्ही हातांत धरून वाचलं आणि फ्रेम करायचं ठरवून टाकलं. दुपारनंतर सगळे शेतात मोहरी गोळा करत होते. पेंढ्या ताडपत्रीवर आणून टाकायच्या, हलक्या हातानं, शेंगा न झडू देता. पश्चिमेला आभाळ मळकट झालं होतं. विजयाबाईही मदतीला आल्या होत्या. उद्याच्या साक्षीत त्यांचंही काम होतं म्हणा.

“काय शिकवलं गं तुला?” त्यांनी विचारलं.

“आक्का,” उषाताई पेंढी खाली ठेवत म्हणाल्या, “हेमांगी जिन्यावरून नव्हती पडली.”

विजयाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्याचा लवलेश नव्हता. “तर काय! जिना धुऊन ठेवला होता त्या दिवशी, त्यावर पाय तरी कोणी ठेवलाय?” मग त्यांनी उजवा हात पुढे केला. करंगळीशेजारचं बोट मधल्या पेरातून वाकडं होतं. “हे बघ. दळताना जात्यात अडकलं असं तुला सांगितलेलं ना? तुझ्या थोरल्या दिरांनी मोडलं होतं. आमच्याकडे जातं कधी होतं गं? चक्कीवर जायचो आपण.” आणि त्या खरोखर हसल्या. “मी मेले का? ती पण नाही मरत.”

तीस वर्षं उषाताईंनी त्या हातचं खाल्लं होतं. सणाला त्याच बोटानं त्यांच्या कपाळाला कुंकू लागलं होतं. जातं नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं. चक्कीवर पिठाचा डबा घेऊन दोघी बरोबरच तर जायच्या.

गुरुवारी सकाळी सातला युवराजनं थ्रेशर आणून शेताच्या बांधाला लावला. पट्टा चढवायचं काम चाललं होतं. उषाताई घरात साडी बदलत होत्या. सूर्याजीराव पाणी प्यायला आत आले तेव्हा त्यांनी दार लोटून घेतलं.

“अहो, मी तिथे तो कागद खोटा आहे म्हणून सांगणार आहे.”

सूर्याजीरावांच्या हातात तांब्या तसाच राहिला. “काय?”

“तो मारतो तिला. हात त्यानंच मोडला.”

“ते…” ते म्हणाले. त्यांनी दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. “माझ्या भावाचा मुलगा आहे तो.”

“हो.”

“मग संध्याकाळी जा ना. मळणी तेवढी होऊ दे. चार-पाच घंटे तोंड बंद ठेवलं तर काय बिघडतं?”

“अकराचा टाईम आहे. उद्या रिपोर्ट जाते.”

“वर्षाची सरसों आहे उषा!” त्यांचा आवाज फाटला. मग बाहेर ऐकू जाईल म्हणून त्यांनीच तो खाली आणला. “पाणी त्यांच्या बोअरचं, थ्रेशर त्यांचा. आणि तू… तूच तर लिहिलं होतं. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणशील?”

उषाताईंनी चपला घातल्या. तेव्हा भिंतीशी भाकरी बांधत बसलेली गरिमा, जिच्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं, हळूच म्हणाली, “आई, मागल्या दारानं निघा. युवराजभाऊ गाडीवर सोडतो म्हणत होते, मी सांगेन तुम्ही पुढे गेल्या.”

त्या मागल्या दारानं निघाल्या. बसथांब्याशी पोचेपर्यंत थ्रेशर सुरू झाल्याचा घरघराट मागून येत होता.

केंद्रातल्या खोलीत एक टेबल, चार खुर्च्या. टेबलामागे घरगुती हिंसेच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकारी बसल्या होत्या, पन्नाशीच्या, दमलेल्या, हिंदी बोलणाऱ्या. बाजूच्या खुर्चीत सीमंतिनी मॅडम; ट्रेनिंगखेरीज त्या या केंद्रातही काम करत. उषाताईंना दारात पाहून त्या अर्ध्या उठल्या. ‘पतीकडची साक्षीदार, उषा इंगळे’ म्हणजे कालपर्यंत आपल्यासमोर वही घेऊन बसलेली बाई, हे त्यांना आत्ता कळत होतं.

आणि त्यांच्या पलीकडे हेमांगी. वाळली होती. डावा हात मांडीवर ठेवलेला. वेडावाकडा जुळलेला तो हात आता पूर्ण सरळ होत नव्हता. तिनं वर पाहिलं नाही.

“हेमांगीनंच सांगितलं, माझ्यासमोर होऊ द्या,” सीमंतिनी मॅडम म्हणाल्या. “तुम्हाला चालेल?”

उषाताईंनी मान हलवली.

अधिकाऱ्यांनी समझौतानाम्याची प्रत पुढे सरकवली. “यह आपने लिखा है?”

“हाँ.”

“सही है?”

“नहीं,” उषाताई म्हणाल्या. “झूठ है. सीढ़ी से नहीं गिरी थी. युवराज ने मारा था.”

हेमांगीची मान वर आली. सीमंतिनी मॅडमनी तिच्या खांद्याला हलकेच हात लावला. बाहेर कुठेतरी टाइपराइटरसारखा पंखा खडखडत होता. हेमांगीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्या पाण्यातून ती उषाताईंकडे ज्या नजरेनं बघत होती, तशा नजरेनं त्यांच्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं. उषाताईंना वाटलं, इथेच थांबावं. एवढ्यावरच उठून जावं.

अधिकारी भल्या होत्या. त्यांनी लेखणी उघडली. “देखिए, आप फँसेंगी नहीं. मैं लिख देती हूँ कि उस वक़्त आपको समझ नहीं आया, अब ट्रेनिंग के बाद समझ में आया. ठीक?”

तीच पळवाट. बसमध्ये नाक्यापर्यंत टिकलेली.

“मग कागदाचं काय होईल?” उषाताईंनी मराठीतच विचारलं. सीमंतिनी मॅडमनी अधिकाऱ्यांना सांगितलं.

अधिकाऱ्यांनी खांदे उडवले. “काग़ज़ थोड़ा कमज़ोर होगा. उनका वकील कहेगा, तब तो ईमानदारी से लिखा था ना.”

“तर मग ते नका लिहू.” उषाताईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. “मुझे मालूम था. लिखते वक़्त भी मालूम था.”

“कब से?”

“पाँच साल से. पहली दिवाली से. नहलाते वक़्त पीठ देखी थी मैंने. दिया पास लेकर देखी थी. बेल्ट के निशान थे.”

अधिकारी लिहू लागल्या. मग हेमांगी बोलली. इतकी हळू, की अधिकाऱ्यांनी लिहिणं थांबवलं.

“तुम्ही पाहिलं होतं?”

उषाताईंनी तिच्याकडे पाहिलं. मघाची ती नजर राहिली नव्हती.

“मला वाटलं, अंधार होता, तुम्हाला दिसलंच नाही,” हेमांगी म्हणाली. “पाच वर्षं मला वाटायचं, मलाच नीट सांगता येत नाही. काकींना एकदा नीट सांगता आलं असतं, तर काकींनी मला परत नसतं पाठवलं. मी रोज रात्री शब्द जुळवायची. हे असं सांगू, ते तसं सांगू. तुमच्या दारात येईपर्यंत पाठ करायची.” तिनं समझौतानाम्यावर बोट ठेवलं. “आणि तुम्हाला माहीत होतं.”

“हो,” उषाताई म्हणाल्या.

माफ कर म्हणायला ओठ उघडले, पण समोरची बाई अजून बोलत असेल, तर मध्ये बोलू नये, एवढं त्या शिकल्या होत्या. त्या थांबल्या.

अधिकाऱ्यांनी कागद फिरवून पुढे केला. उषाताईंनी पूर्ण वाचला. आता त्यात सगळं होतं: पणती, पाठ, पट्टा, चौकी, मुन्शी, जिना. त्यांनी सही केली आणि सवयीनं खाली ‘आंगनवाड़ी कार्यकर्ता’ लिहायला गेल्या, ते अर्ध्यातच सोडलं.

“अब यह काग़ज़ नहीं टिकेगा,” अधिकारी सीमंतिनी मॅडमना म्हणाल्या. त्यांच्या आवाजात समाधान होतं. “बेटा, तुम्हें कोई वापस नहीं भेजेगा.”

हेमांगीनं मान डोलावली. डोळे पुसले. मग उषाताईंकडे न बघता, सीमंतिनी मॅडमना म्हणाली, “मॅडम, आता यांना जायला सांगा.”

सीमंतिनी मॅडमना सांगावं लागलं नाही. उषाताई आपणच उठल्या.